सेवा मंडळाचा लांबलेला हिवाळा

थंडी पडली की शाळेतली मंडळं जागी व्हायची. एरवी वर्षभर सूचनाफलकावर नुसती नावापुरती असलेली ही मंडळं एकदम अंग झाडून उठत. नाट्यमंडळ सभागृह अडवून बसे आणि मग कुणाला आत पाऊल टाकू देत नसे. गायनवृंदाला जागाच उरायची नाही, म्हणून तो जिन्याखाली उभा राहून सूर लावी, आणि वरून धडाधड उतरणारी पोरं मुद्दाम बेसूर साथ देत. धावणाऱ्यांचं मंडळ सकाळच्या धुक्यात मैदानाला फेऱ्या मारी. विज्ञान मंडळाचं दरवर्षी काहीतरी जळे. आणि ज्यांना ना गाता येई, ना पळता येई, ना दोन वाक्यं धड पाठ होत, अशांची वर्णी सेवा मंडळात लागे.

सेवा मंडळ होतं रसायनाच्या बाईंकडे. मुलं त्यांना पाठीमागे ‘लिटमस’ म्हणत. बाई गोऱ्यापान, रागावल्या की लालबुंद व्हायच्या आणि थंडीत ओठ निळे पडायचे, म्हणून लिटमस. बाईंना हे नाव ठाऊक होतं. फळ्यावर ‘लिटमस’ हा शब्द लिहिताना त्या हमखास मागे वळून पाहत आणि वर्गात खसखस पिके. तेवढीच त्यांची थट्टामस्करी. बाकी माणूस सरळ, मोजकं बोलणारं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मंडळाचं काम ठरलेलं. घरोघरी जाऊन जुने स्वेटर, शाली, चादरी गोळा करायच्या, प्रयोगशाळेतल्या लांब टेबलांवर त्यांच्या चळती लावायच्या, आणि हिवाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी बस-स्थानकामागच्या उघड्यावरच्या लोकांना वाटून यायच्या. त्या कपड्यांना प्रयोगशाळेचा वास लागे तो लागेच. “बाई, घेणारे म्हणतील कपडे कुजक्या अंड्यात बुडवून आणलेत,” असं मंडळाची सेक्रेटरी म्हणायची. ही दहावीतली मुलगी. उंच, काटकुळी, आवाज मात्र असा की मैदानाच्या त्या टोकाचा माणूस दचकावा. काम अंगावर घ्यायची तिला भारी हौस.

टोप्या बाईंच्या घरून येत. बाईंची आई वर्षभर टोप्या विणायची. लोकांनी टाकलेले स्वेटर उसवायचे, लोकर धुऊन गुंडे करायचे आणि खिडकीपाशी बसून सुया चालवायच्या. म्हातारीचे कान गेले होते, गुडघे गेले होते, पण बोटं शाबूत होती. जावई तिला चिडवायचा, “आई, आता गावातल्या प्रत्येक डोक्यावर तुमचीच टोपी आहे. निवडणुकीला उभ्या राहा.” म्हातारी हसायची. हे घर तसं सुखी होतं. फक्त एका माणसाचं नाव त्या घरात निघत नसे.

तो माणूस म्हणजे बाईंचा दादा. वडील लवकर गेले तेव्हा दादानं शाळा सोडली आणि तो दुकानांचे बोर्ड रंगवायला लागला. हात सोन्याचा. त्याचं अक्षर दुरून ओळखू येई. ‘ळ’ तर असा काढायचा, की दोन्ही गाठी जणू एकमेकींकडे बघून हसताहेत. त्याच अक्षरांवर बहीण कॉलेजात शिकली. संध्याकाळी प्रयोगशाळा सुटली की हा फाटकापाशी सायकल घेऊन उभा. कपड्यांना टर्पेंटाइनचा वास. तिला म्हणायचा, “ठमे, तुझ्यापण अंगाला वास, माझ्यापण अंगाला वास. चल, दोघं मिळून आईला पळवून लावू.”

मग दारू आली. कशी आली ते कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. हात कापायला लागला, बोर्डांची कामं कमी झाली, लग्न मोडलं. एक दिवस आई बाजारातून परत आली तर तिचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं. त्याच मशीनवर तिनं दोन्ही पोरं वाढवली होती. दादा संध्याकाळी झोकांड्या खात आला तेव्हा आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आता या घरात तुझं काही उरलं नाही विकायला. जा.” बहीण आईच्या मागे उभी होती. दादानं आईकडे पाहिलंच नाही, बहिणीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. तो वळला आणि गेला तो गेलाच. पुढे तिचं लग्न झालं, नोकरी लागली, आई तिच्याकडे राहायला आली. दादा कुठे आहे, आहे की नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. वाटपाच्या शनिवारी धुकं इतकं दाट, की स्थानकामागची बंद पडलेली मालाची शेड जवळ जाईपर्यंत दिसेना. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः आल्या होत्या. शाळेच्या वार्षिकांकासाठी फोटो हवा होता, म्हणून छायाचित्र मंडळाची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. शेडच्या भिंतीला धरून रांग लागली. सेक्रेटरी चादरी देत होती, बाकीची मुलं स्वेटर, आणि शेवटी बाई टोपी देत होत्या. दोन्ही हातांनी द्यायचं, तोंडाकडे बघून द्यायचं, हा बाईंचा दंडक.

म्हणूनच त्यांनी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

दाढी पांढरी झाली होती. गाल आत गेले होते, खालचा ओठ फुटला होता. पण डोळे तेच. बाईंचे हात टोपीसकट हवेत तसेच राहिले. त्यानंही ओळखलं. ओळखलं म्हणजे काय, रांगेत पुढे सरकतानाच त्यानं ओळखलं असणार, कारण तो दचकला नाही. त्याच्या काखेत नुकतीच मिळालेली चादर होती आणि तो उभा होता, जणू बाईंनाच थोडा वेळ देत होता.

“बाई, इकडे बघा!” कॅमेरावाली मुलगी ओरडली. “काका, तुम्हीपण!”

मोठ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. “हां, टोपी त्यांच्या हातात द्या. जरा हसा की, बाई.”

बाईंनी टोपी त्याच्या हातात दिली. क्लिक झालं. एक शब्द पुरला असता. ‘दादा’ एवढाच. पण तो त्यांनी म्हटला नाही. समोर मुलं होती, मोठ्या बाई होत्या, आणि त्या माणसाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

त्यानं टोपी उलटीसुलटी केली, कडेच्या विणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “थंडी फार आहे, बाई. सांभाळा.”

आणि तो पुढे गेला. बाईंनी पुढच्या माणसासाठी टोपी उचलली.

“बाई, तुम्ही एकदम निळ्या पडलात,” सेक्रेटरी म्हणाली, आणि मागची दोन मुलं फिस्सकन हसली.

दुपारी बाई एकट्याच परत गेल्या. नवऱ्याला सांगितलं, प्रयोगशाळेची किल्ली राहिली. शेड रिकामी होती. कोपऱ्यात राख आणि पुठ्ठे. समोरच्या टपरीत एक चहावाला ग्लास विसळत होता. त्याच्या डोक्यावर चहाच्या दरांची पाटी होती, आणि पाटीवरच्या ‘सकाळ-संध्याकाळ’मधल्या ‘ळ’च्या गाठी एकमेकींकडे बघून हसत होत्या. रेष थरथरलेली होती, पण गाठी त्याच.

“ही पाटी कुणी रंगवली?”

“पेंटर आहे एक. चहाच्या बदल्यात लिहून देतो. पितो, पण माणूस वाईट नाही. का हो?”

“कुठे भेटेल?”

“आता नाही भेटायचा. सकाळी वाटप झालं ना, त्यानंतर आला, म्हणाला, चाललो. मी म्हटलं, बाबा, आत्ताच तर चादर मिळाली, आता ऊब घे चार दिवस. तर म्हणे, नाही, इथं ओळखीचं माणूस निघालं.” चहावाल्यानं खांदे उडवले. “त्याचं असंच आहे. ओळख निघाली की जागा बदलतो.”

बाई घरी आल्या. आई खिडकीपाशी विणत होती. “किल्ली मिळाली?” तिनं मोठ्यानं विचारलं. बाईंनी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी नव्हती घासायला, तरी नळ बराच वेळ चालू राहिला.

त्या हिवाळ्यात सेवा मंडळाचं काम संपलंच नाही. एरवी एकच शनिवार, पण बाईंनी पुढच्या शनिवारी पुन्हा वाटप ठेवलं, त्याच्या पुढच्याही. रेल्वे स्थानक, भाजी बाजाराचे ओटे, पुलाखालची जागा, दवाखान्याबाहेरचा फुटपाथ. कपडे आटले तेव्हा बाईंनी घरातल्या चादरी आणल्या. नवऱ्याचा जाड कोट आणला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, “मला सांगण्यासारखं काही असेल तर सांग.” बाई म्हणाल्या, “सांगेन.”

मुलं कंटाळली. दुसऱ्या मंडळांचे दिवस भरात होते. नाटकाच्या तालमी रंगल्या होत्या, धावणारे स्पर्धेला जाऊन आले होते, आणि सेवा मंडळवाल्यांना मात्र दर शनिवारी पहाटे उठून नाक गाळत फिरायचं. एकेक जण गळायला लागला. मोठ्या बाईंनीही हटकलं. “आपला कार्यक्रम छान झाला, बाई. फोटोही आला. आता किती ताणायचं?” तो फोटो मोठा करून सूचनाफलकावर लावला होता. खाली रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘गरजूंच्या चेहऱ्यावर हसू फुलवताना आमचं सेवा मंडळ.’ बाई शिक्षकांच्या खोलीत जाताना त्या फलकावरून मान खाली घालून जात. फोटोत हसत कुणीच नव्हतं.

शेवटी सेक्रेटरीच उरली. एका शनिवारी दोघी पुलाखाली गेल्या. आदल्या दिवशी तिथल्या लोकांना हुसकून लावलं होतं. वाटायला माणसंच नव्हती. मुलगी गाठोड्यावर बसली, हातांवर फुंकर मारली आणि म्हणाली, “बाई, विचारू का? आपण वाटायला फिरतोय की कुणाला शोधायला?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत जे खुद्द नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं, ते एका दहावीतल्या पोरीपुढे तोंडातून बाहेर पडलं.

“माझ्या भावाला.”

मुलगी गाठोड्यावरून उठली. तिचा तो आवाज, पण आता अगदी हळू म्हणाली, “फोटोतले काका?”

“तुला कसं कळलं?”

“तुम्ही फलकाकडे बघत नाही ना कधी.” मग जराशी रागावूनच, “आधी सांगायचं की बाई. आम्ही नुसत्या चादरी वाटत बसलो. चेहरे बघितले असते.”

फोटो घेऊन शोधायचं, हेही तिलाच सुचलं. छायाचित्र मंडळाकडून तिनं आणखी एक प्रत काढून आणली. मग बाई तो फोटो घेऊन हिंडल्या. हमालांना दाखवला, सफाई कामगारांना दाखवला, औषधाच्या दुकानात दाखवला. लोक आधी फोटोतल्या बाईंकडे बघत, मग समोरच्या बाईंकडे. “ह्या तुम्हीच ना? मग हे कोण?” आणि दर वेळी बाईंना सांगावं लागे, “हा माझा भाऊ.” त्या दिवशी एकदा म्हणायचं टाळलेलं ते आता गल्लोगल्ली म्हणत फिरायची वेळ आली होती.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं फोटो पाहताच ओळखला. “बारा नंबरचे बाबा. छातीत पाणी झालंय. नाव विचारलं तर पेंटर म्हणतात, पुढे काही सांगत नाहीत.”

दादा भिंतीकडच्या खाटेवर होता. दाढी काढली होती, त्यामुळे चेहरा आणखीच लहान दिसत होता. बाई स्टूल ओढून बसल्या. त्यानं डोळे उघडले.

“आलीस का, ठमे,” तो म्हणाला. “तू चिवट आहेस, हे विसरलोच होतो.”

“तू हाक का नाही मारलीस?”

“मारली की. बाई म्हणालो.” त्याला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना. नर्सनं येऊन त्याला टेकवून बसवलं. श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, “तुझी पोरं होती तिथं. त्यांच्यापुढे काय सांगणार होतीस? हा माझा भाऊ, ह्याला एक स्वेटरपण द्या?”

“मी बोलायला हवं होतं.”

“हवं होतं,” तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून त्यानं उगाच ‘नाही’ म्हटलं नाही. “तेव्हाही बोलायला हवं होतंस, दारात. पण मीपण मशीन विकायला नको होतं. सोड.” त्यानं उशाखालून टोपी काढली. “ही आईची ना? कडेला दोन उलटे टाके घालते ती अजून. डोळे चालतात तिचे?”

“कान गेले. डोळे चालतात.”

“तिला सांगू नकोस. असं बघायला नको तिनं.”

बाईंनी त्या संध्याकाळी आईला सांगितलं. आधी नवऱ्याला सांगितलं, मग दोघं आईपाशी बसले. आईच्या कानाशी तोंड नेऊन बाईंना ते ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट आणि ती ओरडून. आईच्या सुया थांबल्या.

“पितो का अजून?”

“आता नाही पीत. आजारी आहे, आई. फार आजारी आहे.”

आईनं विणकाम गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “माझी चांगली साडी काढून ठेव.”

दुसऱ्या दिवशी जावयानं तिला धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या. पायरीपायरीला थांबत म्हातारी खाटेपर्यंत पोचली. दादा डोळे मिटून पडला होता. बाईंनी पाहिलं होतं, दारातून आई दिसताच त्यानं ते मिटले होते.

“दादा, आई आलीय.”

तो हलला नाही. बाई पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात आईनं त्यांचा हात दाबला. तिला ऐकू येत नसल्यानं ती नेहमी मोठ्यानंच बोलायची, आणि आताही तिचा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला. “झोपू दे त्याला. लहानपणीपण असाच सोंग घ्यायचा. शाळा नको असली की डोळे घट्ट. पण पापण्या हलायच्या मेल्याच्या.”

दादाच्या पापण्या हलत होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. आईनं पदरानं ते पुसलं. मग ती त्याच्या पायांवर हात ठेवून भेटीची वेळ संपेपर्यंत बसून राहिली. निघताना तिनं त्याची चादर नीट खोचली, झोपलेल्या पोराची खोचतात तशी.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. बाई शाळेत शिकवत असताना निरोप आला. आई अंत्यविधीला गेली नाही. “माझं भेटून झालं,” म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

हिवाळा सरता सरता शाळेचा वार्षिक समारंभ झाला. नाट्यमंडळाला ढाल मिळाली, धावणाऱ्यांना पदकं. आणि मग मोठ्या बाईंनी माइकवर सांगितलं, की यंदा उत्कृष्ट मंडळाचा मान सेवा मंडळाला. एका शनिवारावर न थांबता सबंध हिवाळाभर काम करणारं मंडळ. टाळ्या झाल्या. मागच्या पडद्यावर तो फोटो मोठा होऊन आला.

बाई रंगमंचावर चढल्या. मोठ्या बाईंच्या हातातून ढाल घेतली, सेक्रेटरीच्या हातात दिली आणि माइकपाशी गेल्या.

“फोटोत टोपी घेणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे,” त्या म्हणाल्या. “बोर्ड रंगवायचा. त्याच्या कमाईवर मी शिकले. त्या दिवशी मी त्याला ओळख दिली नाही. मंडळानं हिवाळाभर जे काम केलं, ते त्याला शोधायला केलं. तो आता नाही.”

सभागृहात टाळी वाजवावी की मान खाली घालावी, कुणालाच कळेना. गायनवृंदाच्या सरांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी पोरांना खूण केली आणि ठरलेलं आनंदाचं गाणं सुरू झालं. पोरं बावरून गेली होती, सूर लागेना. त्या गाण्यातच बाई खाली उतरल्या.

“इथं सांगायची गरज होती का, बाई?” नंतर मोठ्या बाईंनी विचारलं. वाईट बाई नव्हत्या त्या. नुसत्या गांगरल्या होत्या.

“मला होती,” बाई म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात मंडळं पुन्हा जागी झाली. जुनी सेक्रेटरी शाळा सोडून गेली होती, तिच्या जागी नवी आली. बाईंनी सेवा मंडळ सोडलं नाही. फक्त दंडकात एक भर घातली: काही देण्याआधी माणसाला त्याचं नाव विचारायचं. त्यामुळे रांग हळू सरके, मुलं थंडीनं कुडकुडत आणि कुरकुरत. बरेच लोक नाव सांगत. काही तर नावासकट सगळी हकीकतच सांगत बसत.

पहिल्याच शनिवारी एका म्हाताऱ्यानं मात्र बाईंकडे रोखून पाहिलं आणि म्हणाला, “नाव कशाला? पोलीस आहात का? स्वेटर द्यायचा तर द्या, नाहीतर राहू दे.”

बाईंनी दोन्ही हातांनी स्वेटर पुढे केला. त्यानं तो जवळजवळ ओढून घेतला आणि धुक्यात निघून गेला. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. तो दिसेनासा झाला, तेव्हा नवी सेक्रेटरी म्हणाली, “बाई, पुढचे थांबलेत.”